ओलं कुठे, सुकं कुठे?

वसई-विरारचा कचरा वर्षानुवर्षं वसई पूर्वेच्या गोखिवरे-भोयदापाड्याच्या क्षेपणभूमीवर गेला. तिथल्या आगींचं मूळ बऱ्याच अंशी स्वयंपाकघरात आहे. ढिगाखाली दबलेलं अन्न हवेविना कुजतं, मिथेन साचतो आणि मग ठिणगीचाच काय तो अवकाश.

2016 च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करायला सांगितले. ओल्यात भाजीचे देठ, चहाचा चोथा, शिळा भात, कोलंबीची सालं, माशांचे काटे. गोम आहे ती कॅरीबॅगेत. खरकटं पिशवीत भरून, घट्ट गाठ मारून ओल्या डब्यात टाकलं की सगळं मुसळ केरात! डब्याच्या तळाशी जुनं वर्तमानपत्र अंथरा.

वसई तालुक्यातल्या चांदीपच्या बाजूला, जिथे दारामागे अजून वाडी आहे, तिथे ओल्या कचऱ्याचं खत करायला खड्डा सोयीचा. मात्र नुसतं खरकटं टाकलं तर दर्प सुटतो. प्रत्येक थरावर पालापाचोळा किंवा भाताचा पेंढा भरपूर हवा. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण 30:1 असलं की खत नीट होतं. पावसाळ्यात खड्ड्यावर पत्रा टाका. मासळीचे काटे खोल पुरा, नाहीतर कुत्री उकरतात.

वेंगुर्ले नगरपरिषदेने ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला. तिथला कचरा डेपो लोक मुद्दाम पाहायला जातात. दक्षिण कोरियात 2013 पासून अन्नकचऱ्याचे पैसे प्रमाणानुसार मोजावे लागतात. आपल्याकडे इतकं तरी पाहा: घंटागाडीला दोन कप्पे आहेत का? नसतील, तर प्रभाग समिती कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.