पाणीपट्टीचा आकडा कोठे ठरतो?

आर्थिक वर्ष सरत आले आणि नगरपरिषदेचे वसुली लिपिक पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरू लागले, म्हणजे चाळीसगावच्या ओट्याओट्यांवर पाणीपट्टीविषयी जी मते मोठ्या निश्चयाने मांडली जातात, त्यांतील पुष्कळशी मुळात खऱ्या त्रासातून उपजलेली असली तरी चुकीच्या समजुतीवर उभी असतात. आणि समजूत चुकली की रास्त तक्रारही ज्या दप्तरात पोहोचावयास हवी तेथे न पोहोचता भलत्याच दारावर थडकून परत येते. ही हानी नागरिकांचीच आहे, म्हणून या आकड्याची घडण कशी होते ते उलगडून सांगणे मला अगत्याचे वाटते.

पाणी गिरणामाईचे, ते देवाने दिलेले, मग त्याला दाम कसला, हा सर्वांत जुना समज. नांदगाव तालुक्यात 1969 साली पूर्ण झालेल्या गिरणा धरणातील साठा हा शासनाच्या जलसंपदा विभागाच्या ताब्यातील साठा असून त्यातून पिण्यासाठी उचललेल्या पाण्याचेही शुल्क नगरपरिषदेस भरावे लागते. हे ठोक जलप्रशुल्क नगरपरिषदही ठरवीत नाही आणि पाटबंधारे खात्याचा स्थानिक अभियंताही ठरवीत नाही; 2005 च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ते ठरविते, आणि दर तीन वर्षांनी त्याचा फेरविचार व्हावा असे त्या कायद्यात नमूद आहे. तथापि एकंदर खर्चात या शुल्काचा वाटा तुलनेने लहान आहे. खरा भार पडतो तो पाणी उचलण्याचा.

एक हजार लीटर पाणी शंभर मीटर उंच चढवावयाचे, तर पंप आणि मोटार यांची मिळून कार्यक्षमता साठ टक्के धरल्यास जवळजवळ अर्धा युनिट वीज लागते. आणि ही उंची केवळ टेकडीची किंवा जलकुंभाची नसते, मैलोगणती जलवाहिनीत पाण्याचे जे घर्षण होते त्याचीही गणना उंचीतच करावी लागते. 2011 च्या जनगणनेत चाळीसगावची लोकसंख्या सुमारे 97 हजार होती. माणशी शंभर लीटर धरले तरी रोजचे पाणी एक कोटी लीटरच्या घरात जाते, आणि वरील हिशेबाने त्याची वीज होते दररोज साडेचार हजार युनिट. तुरटी, क्लोरीन, गळती-दुरुस्ती आणि पगार यांचा खर्च त्यानंतर येतो.

नगरपरिषदेला ही वीज फुकट अथवा नाममात्र दराने मिळते, असे कित्येक सुशिक्षित माणसेही मानतात. वस्तुतः सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी ग्राहकांचा एक स्वतंत्र वर्ग केलेला आहे, आणि त्याचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग 2003 च्या विद्युत कायद्यान्वये ठरवितो. महावितरण प्रस्ताव ठेवते, आयोग जनतेच्या हरकती मागवून सुनावणी घेतो आणि मग आदेश काढतो. चाळीसगावच्या पाण्याच्या खर्चाचा एक मोठा भाग अशा रीतीने मुंबईत ठरतो, आणि त्या सुनावणीत हरकत नोंदविण्याचा हक्क आपल्यालाही आहे, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानी येते.

आता खुद्द बिलाकडे वळू. मालमत्ता कराचे बिल हाती घेऊन पाहिले तर त्यात घरपट्टी, दिवाबत्ती, स्वच्छता, पाणी यांच्या ओळींखाली शिक्षण उपकराची ओळ दिसेल, आणि दुकान असल्यास रोजगार हमी उपकराचीही. हे दोन उपकर 1962 च्या राज्य कायद्याचे आहेत. नगरपरिषद ते केवळ गोळा करून शासनाच्या तिजोरीत भरते. बिलाच्या तळाची बेरीज पाहून नगरपरिषदेने एवढे पैसे घेतले असे म्हणणे म्हणूनच यथार्थ नव्हे. पाण्याचा कर मात्र तिच्याच अखत्यारीतला आहे. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे तो बसविण्याचा किंवा वाढविण्याचा निर्णय मुख्याधिकाऱ्यांच्या मर्जीवर नसतो, त्यास सभेचा ठराव लागतो. मध्यंतरी राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांवर प्रशासक होते, तेव्हा सभेचे हे अधिकार प्रशासकाकडे गेले होते. इमारतींची फेरआकारणी ही याहून निराळी बाब असून ती साधारणतः चार वर्षांनी होते, आणि तिच्याविरुद्ध हरकत व अपील या दोहोंची सोय अधिनियमात आहे.

नळाच्या व्यासाप्रमाणे दर लावतात यावरही लोक रुष्ट असतात. एक इंची नळाचा छेद अर्ध्या इंची नळाच्या चौपट असतो, तेव्हा त्याचा दर दुपटीहून अधिक असल्यास त्यात अन्याय नाही.

सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न असा, की पाणी चार दिवसांआड येत असताना पट्टी वर्षभराची का द्यावी. हा संताप मला पूर्णतः समजतो. उन्हाळ्यात पहाटे हंडे-कळश्या मांडून नळाकडे डोळे लावून बसणाऱ्या बाईला ताळेबंद दाखवून तिचे समाधान होणार नाही. परंतु दिवस मोजणे हे माप चुकीचे आहे. जलवाहिन्यांना आणि जलकुंभांना साऱ्या शहरास एकाच वेळी पाणी पुरविण्याचे सामर्थ्य नसल्यामुळे पुष्कळदा रोज उपसलेले पाणीच भागाभागाने वाटले जाते. शिवाय उपसा घटला तर वीज वाचते, पण पगार, कर्जाचे हप्ते, वीजजोडणीचा स्थिर आकार हे काही घटत नाहीत. खरा अन्याय ठोक पट्टीत आहे : नळाला मोटार लावून पाणी ओढणारा आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाला बादली धरून बसणारा, दोघेही तेवढीच रक्कम भरतात. याला मीटरवाचून उपाय नाही, आणि मीटरला विरोध करण्यात गरिबाचे हित आहे असे जे सांगितले जाते ते मला मान्य नाही.

पट्टी थकविली तर सरकारचे नुकसान, आपले काय, हा समजही सोडून द्यावा लागेल. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात रद्द झाली, तिच्या जागी अनुदान आले, आणि स्वतःच्या हक्काचे मुख्य उत्पन्न म्हणून घरपट्टी व पाणीपट्टीच उरली. पंधराव्या वित्त आयोगाने तर अनुदानाची पात्रताच मालमत्ता कराच्या वाढत्या वसुलीशी जोडली. थकबाकीदारावर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, हे निराळेच.

तक्रार जरूर करावी, पण लीटरमध्ये करावी. पाळीच्या दिवशी नळ सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत पाचशे लीटरची टाकी किती वेळा भरली ते लिहून ठेवावे. चार दिवसांआड, म्हणजे पाचव्या दिवशी, एक हजार लीटर मिळाले आणि घरात पाच माणसे असली, तर माणशी रोजचे चाळीस लीटर होतात. भुयारी गटारे नसलेल्या शहरांसाठीही केंद्राच्या 1999 च्या नियमावलीतला मापदंड माणशी 70 लीटरचा होता, आणि गटारे असलेल्यांसाठी 135 चा. दरवाढीची सूचना प्रसिद्ध होताच हा आकडा, प्रभागाचे नाव आणि आपल्या भागात मीटर केव्हा बसणार ही पृच्छा, असे तिन्ही एका अर्जात लिहून तो मुदतीच्या आत नगरपरिषदेत द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक-बारनिशीचा क्रमांक व शिक्का घ्यावा.