त्रेचाळीस रुग्णांचा पुरावा

रोगप्रतिकारशक्ती हा शब्द आता शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. परंतु ही शक्ती अहोरात्र केवढा पहारा देत असते, हे ती क्षीण झाल्यावरच ध्यानात येते. एपस्टाइन-बार या विषाणूची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. युगांडात काम करणारे शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी तेथील मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठींचे वर्णन १९५८ साली प्रसिद्ध केले. त्याच गाठींच्या पेशींत १९६४ साली अँथनी एपस्टाइन, बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांना हा विषाणू आढळला. मानवी कर्करोगाशी नाते उघड झालेला हा पहिला विषाणू होय.

जगातील दहांपैकी नऊ प्रौढांच्या शरीरात तो जन्मभर वस्तीला असतो. रक्तातील बी पेशींत तो दडून बसतो आणि टी पेशी त्याला डोके वर काढू देत नाहीत. मात्र मूत्रपिंड, यकृत वा अस्थिमज्जा यांचे प्रत्यारोपण झाले, की शरीराने परका अवयव नाकारू नये, किंवा परक्या मज्जेने शरीरावर उलटू नये, म्हणून टी पेशींनाच औषधांनी दाबून ठेवावे लागते. पहारा सैल होताच काही रुग्णांत बाधित बी पेशी बेसुमार वाढतात व त्यातून लिम्फोमा उद्भवतो. अशा वेळी दाबणारी औषधे कमी करतात, रितुक्सिमॅब देतात. तेही निष्फळ ठरले, तर आयुष्य बहुधा आठवड्यांत किंवा मोजक्या महिन्यांत मोजावे लागते.

यावर शोधलेला उपाय सरळ आहे: पहारेकरीच उसने आणायचे. न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी १९९४ साली पाच रुग्णांना मज्जादात्यांच्या श्वेतपेशी दिल्या आणि पाचही जणांच्या गाठी ओसरल्या. तथापि अशा सरमिसळ पेशींपैकी काही रुग्णाच्या निरोगी अवयवांवरही तुटून पडू शकतात. म्हणून केवळ या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी निवडून वाढवण्याची रीत पुढे आली. निरोगी दात्यांच्या अशा पेशी गोठवून साठवायच्या आणि ऊतींचे गुणधर्म बऱ्याच अंशी जुळतील त्या रुग्णाला द्यायच्या, अशी ही पेशींची पेढीच. टॅबेलेक्ल्यूसेल हे औषध याच तत्त्वावर उभे आहे.

त्याच्या अंतिम टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण अवघे त्रेचाळीस. पैकी बावीस जणांच्या गाठी आटल्या वा नाहीशा झाल्या. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. युरोपीय संघाने डिसेंबर २०२२ मध्येच, अपवादात्मक परिस्थितीतील मान्यता म्हणून, त्याला परवाना दिला होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मात्र जानेवारी २०२५ मध्ये उत्पादनस्थळावर बोट ठेवून, तर जानेवारी २०२६ मध्ये एकाच गटाची ही चाचणी परिणामकारकतेचा पुरेसा पुरावा नाही, असे सांगून परवानगी नाकारली.

दोन्ही भूमिकांमागे तर्क आहे. तुलनेवाचून औषधाचे श्रेय ठरवणे कठीण, हे शास्त्राचे पहिलेच सूत्र. परंतु रोग दुर्मीळ आणि मृत्यू दाराशी असताना निम्म्या रुग्णांना या उपचाराविना ठेवा, असे सांगणे कितपत न्याय्य आहे? मध्यममार्ग असा, की पूर्वी या उपचाराविना असलेल्या रुग्णांच्या काटेकोर नोंदींशी तुलना करावी, मान्यता सशर्त द्यावी आणि पुढील प्रत्येक रुग्णाचा हिशेब जाहीर करणे बंधनकारक करावे. उरलेल्या एकवीस जणांना गुण का आला नाही, हाही त्या हिशेबाचाच भाग आहे.

हा वाद केवळ परदेशी म्हणून सोडून देता येणार नाही. २०२३ साली भारतात अठरा हजारांहून अधिक अवयवांचे प्रत्यारोपण झाले. या प्रत्येक रुग्णाला पुढे टी पेशी दाबणारी औषधे घ्यावी लागतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या यशाबरोबरच नंतरच्या वर्षांतील लिम्फोमाच्याही नोंदी रुग्णालयांनी चिकाटीने ठेवायला हव्यात. दुर्मीळ रोगाचा पुरावा एकेका रुग्णाच्या नोंदीतूनच साठत जातो. ज्या नोंदी आज होणार नाहीत, त्यांची उणीव उद्याच्या रुग्णाला भासेल.