चिरा, कंबर आणि हातभर अंतर

रत्नागिरीत घर म्हटलं की जांभ्या चिऱ्याचं. सड्यावरच्या खाणीत चिरा आता यंत्र कापतं. पण खाणीतून ट्रकात, ट्रकातून दारात आणि दारातून परांचीवर तो बहुतेकदा माणसाच्या हातांनीच चढतो. वजन साधारण 30 किलो. जांभा सच्छिद्र, त्यामुळे भिजला की आणखी जड. दिवसाला किती चिरे उचलले याचा हिशेब मुकादम ठेवतो, तसा कंबरही ठेवते.

गडी वाकून चिरा उचलतो तेव्हा तो कण्यापासून अर्धा मीटर, म्हणजे 50 सेंटीमीटर पुढे असतो. कणा तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र त्याच्यामागे जेमतेम 5 सेंटीमीटरवर. तराजूची एक बाजू दहापट लांब! 30 किलो तोलायला स्नायूंना 300 किलोंचा ओढा द्यावा लागतो, वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. हे सगळं खालच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर येतं. तोच चिरा पोटाजवळ, 25 सेंटीमीटरवर आणला की ओढा निम्मा होतो.

चकतीत बाहेर चिवट तंतूंचे थर, आत मऊ गर. वाकलं की गर मागे रेटला जातो. वाकलेल्या स्थितीतच वळलं तर मागचे तंतू पिळले जातात. ट्रक उतरवताना नेमकं हेच होतं: पाय जागच्या जागी, कंबरेतून वळून चिरा पुढच्याच्या हातात. त्यातून सकाळी उठल्या उठल्या हे काम आणखी वाईट, कारण रात्रभरात चकती पाणी शोषून फुगलेली, ताठ असते.

बांधकाम कामगारांसाठीच्या केंद्राच्या 1998 च्या नियमांनी पुरुषाला 55 आणि बाईला 30 किलोंची मर्यादा घातली. सिमेंटची 50 किलोंची गोणी पुरुषाच्या मर्यादेत बसते. मर्यादा वजनाला, अंतराला नाही, हीच त्यातली मेख. मेडिकलमधल्या कंबरपट्ट्याने दुखणं टळतं असा भरवशाचा पुरावा नाही. त्यापेक्षा चिरे जमिनीवर न टाकता मांडीच्या उंचीच्या फळीवर रचावेत आणि वळताना पाय वळवावेत. त्याला खर्च फळीपुरताच.

उसण भरली तर खाटेला खिळून राहू नये. झेपेल तेवढी हालचाल ठेवली तर बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत उतरतं. पण मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पायातली ताकद गेली, तर मालिशवाल्याकडे वेळ घालवू नका. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.