व्यालेल्या गाईचे चौथे पोट

मजुरांच्या सभांत बोलणाऱ्या माणसाने गाईच्या पोटावर बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. जे कळले ते पुस्तके वाचून आणि गुरांच्या डॉक्टरांना विचारून. परंतु इंझोरीच्या एका शेतमजुराची संकरित गाय आमच्या डोळ्यांदेखत खंगली, आणि तेव्हापासून हा विषय मनातून गेला नाही.

गाय व्याली, दूधही भरपूर देऊ लागली. पंधरा दिवसांनी सरकीची ढेप ती नुसती हुंगून सोडू लागली. कडबा तेवढा थोडा चघळी. मग दूध आटले. तोंडाला गोडसर वास येई. कुणी दृष्ट काढली, कुणी गुळाचे पाणी पाजले. डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. कर्जाने घेतलेली गाय गेली, हप्ते राहिले.

तो वास उपासमारीचा होय. उपोषणाला बसलेल्या सोबत्यांच्या श्वासालाही तसाच वास आम्हांला आला आहे. अन्न न मिळाल्यास शरीर आपली चरबी मोडते. यकृतात तिच्यापासून कीटोन द्रव्ये तयार होतात, आणि त्यांतील ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडते. गाय मात्र पुढ्यात चारा असून उपाशी राहते. एक लिटर दुधासाठी तिला सुमारे ७० ग्रॅम ग्लुकोज लागते. म्हणजे २० लिटर देणारीला जवळजवळ दीड किलो! व्याल्यावर दूध झपाट्याने वाढते, भूक मागाहून वाढते. मधली तूट चरबीतून भरली जाते.

मग गूळ का लागू पडला नाही? रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटातले असंख्य जंतू ती साखर वाटेतच फस्त करून तिची आम्ले बनवतात. त्यांतील एका आम्लापासून यकृत ग्लुकोज घडवते खरे, पण गूळ फार झाला तर आम्लेच वाढून जनावर अधिक बिघडते. म्हणून डॉक्टर ग्लुकोज शिरेतून देतात. तोंडावाटे प्रोपिलीन ग्लायकॉल पाजतात, ते यकृताला ग्लुकोज करण्यास उपयोगी पडते.

आता चौथे पोट. हे आपल्या जठरासारखे. त्याच्या भिंतीत दोन्ही टोकांस निमुळत्या अशा स्नायुपेशी असतात. पेशीत कॅल्शियम शिरले की आतले प्रथिनांचे तंतू एकमेकांवर सरकतात, पेशी आखडते, अन्न पुढे ढकलले जाते. कॅल्शियम म्हणजे गिरणीचा भोंगाच समजा. व्यालेल्या गाईचे कॅल्शियम दुधात जाते, रक्तात कमी पडते. त्याच सुमारास कीटोन वाढतात. स्नायू सुस्तावले की वायू साचतो, आणि पोट फुगून बहुधा डाव्या कुशीकडे वर सरकते. व्याल्यावर लवकरच ज्यांच्या रक्तात कीटोन वाढतात, त्या गाईंत हा प्रकार अधिक आढळतो. कीटोन स्वतः पेशीला मंद करतात, की कॅल्शियमची आणि अन्नाची तूटच खरी दोषी, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. दोन्ही जोडीने काम करीत असावीत, असे आम्हांस वाटते.

सरकलेले पोट डॉक्टर बरगड्यांवर टिचकी मारून नळीने ऐकतात. धातूच्या पोकळ भांड्यासारखा नाद येतो. मग बहुधा शस्त्रक्रिया करून ते जागी टाकावे लागते. कीटोनची परीक्षा त्याहून कितीतरी सोपी आहे: लघवीत किंवा दुधात पट्टी बुडवावी, रंग बदलतो. व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात गाईने ढेप सोडली, तर त्याच दिवशी ही परीक्षा करून घ्यावी. वासाची वाट पाहू नये. तो वास सगळ्यांच्याच नाकाला कळतो असे नाही.