ऋतुबद्ध बाजारपेठेतील घरविक्री : पूर्वतयारी आणि किंमतनिश्चिती (हेमलकसा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

घरविक्रीचा विचार करताना आपल्यासमोर सामान्यतः शहरातील सदनिका किंवा महाबळेश्वर-पाचगणीसारख्या पर्यटनस्थळावरील बंगला येतो. अशा पर्यटनस्थळी हंगाम म्हणजे मागणीतील वाढ. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात मात्र हंगामाचा अर्थ वेगळा आहे. येथे ऋतू मागणीपेक्षा वाट अडवतो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या भामरागडचा संपर्क पावसाळ्यात तुटणे ही जुनी व्यथा आहे. 2019 च्या पावसाळ्यात पर्लकोटावरील कमी उंचीचा पूल वारंवार पाण्याखाली गेला होता. भामरागडनजीकच्या हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. त्यानंतर शिक्षण, आरोग्य व प्रशासन यांच्या निमित्ताने या परिसरात बाहेरून येणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि घर ही निवाऱ्याबरोबरच देवघेवीचीही वस्तू बनू लागली.

या परिसरात घराची किंमत प्रथम हक्काच्या कागदावरून, नंतर ऋतूवरून आणि सर्वांत शेवटी भिंती-छपरावरून ठरते. म्हणून विक्रीची तयारीही याच क्रमाने व्हावयास हवी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र व विधी या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना हे उदाहरण वर्गात उपयोगी पडावे, हाही हेतू आहे.

1. हक्काची तयारी

भामरागड तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रात मोडतो. त्यामुळे ‘किती किमतीला विकावे’ या प्रश्नाआधी ‘विकता येते काय आणि कोणाला’ हा प्रश्न येतो. या दृष्टीने घराखालील जमिनीचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार आदिवासी खातेदाराच्या जमिनीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 36अ अन्वये आदिवासी व्यक्तीचा भोगवटा बिगर-आदिवासी व्यक्तीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण वा पट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने परवानगीवाचून जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यास वा गहाणास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. विक्रीसाठी त्याखेरीज राज्य शासनाची पूर्वमान्यताही लागते. त्याच गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत राहणारा कोणीही आदिवासी ती जमीन घेण्यास तयार नाही, याची जिल्हाधिकाऱ्यांना खात्री पटावी लागते. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वमंजुरीही आवश्यक असते. आदिवासी ग्राहकास विक्री करतानाही कलम 36(2) चे बंधन लागू होते किंवा कसे, हे तहसील कार्यालयात आधी तपासावे.

दुसरा प्रकार वनहक्काच्या जमिनीचा. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेला हक्क वारसांकडे जातो. तो विकता वा हस्तांतरित करता येत नाही. अशा जमिनीवरील घराला निवाऱ्याचे मोल आहे, बाजारभाव नाही.

तिसरा प्रकार बिगर-आदिवासी खातेदाराच्या जमिनीचा. येथेही सातबारा उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ अशी नोंद असल्यास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. मालकी मुळात आदिवासी खातेदाराकडून आली असेल, तर ते हस्तांतर कोणत्या वर्षी व कोणत्या मंजुरीने झाले, याचा कागद हाताशी असावा. मंजुरीविना झालेल्या हस्तांतरातील जमीन मूळ आदिवासी मालकास परत मिळवून देण्याची तरतूद कायद्यात आहे.

गावठाणातील घराबाबत अनेकांची समजूत अशी असते की कर आकारणीचा ‘नमुना 8’ म्हणजे मालकीचा पुरावा. वस्तुतः ती कराची नोंद आहे. केवळ तिच्या आधारे ठरलेली किंमत कच्च्या पायावर उभी असते. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली मिळकत पत्रिका मिळाली असल्यास ती जोडावी.

2. कागद नसलेल्या व्यवहाराचा भाव

परवानगीची वाट लांब असल्याने मुद्रांकावरील करारनामा, मुखत्यारपत्र आणि ताबा एवढ्यावर घर ‘विकण्याचा’ मोह होतो. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे की अशा कागदांनी स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे.

येथे अर्थशास्त्रीय मुद्दा महत्त्वाचा आहे. घर उद्या हातचे जाईल ही भीती ग्राहक आजच किमतीतून वजा करतो. म्हणजे बेकायदा व्यवहारात सर्वांत कमी भाव मिळतो तो विकणाऱ्यालाच, आणि आजारपण, लग्न वा कर्ज यांमुळे घाईने विकणारे कुटुंब बहुधा तेच असते. कायद्याने ग्राहकांची संख्या घटते हे खरे. परंतु कायदा चुकवल्याने किंमत वाढत नाही, ती आणखी घसरते. रोख रकमेची तातडीची गरज असेल, तर मंजुरीने दिलेला मुदतीचा पट्टा हा घर न गमावता पैसा उभा करण्याचा मार्ग प्रथम पाहावा.

3. ऋतूची गणना

विक्रीची वेळ ठरवताना दोन दिनदर्शिका एकत्र वाचाव्यात. पहिली स्थानिक उत्पन्नाची. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्याच्या सुमारास तेंदूपत्ता आणि धानाच्या कापणी-मळणीनंतर हिवाळ्यात धानविक्री, या वेळी गावात पैसा खेळतो. दुसरी नोकरदारांची. राज्य शासकीय कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या 2005 च्या बदली अधिनियमानुसार एप्रिल-मे महिन्यात होतात. घर सोडणारे व शोधणारे दोघेही त्याच सुमारास हालचाल करतात. जून ते सप्टेंबर या काळात रस्त्याचा भरवसा नसतो, ग्राहक घर पाहण्यास येत नाही आणि पितृपक्षात बहुतेक कुटुंबे खरेदी टाळतात. सबब दसऱ्यापासून मे अखेरपर्यंतचा काळ हाच प्रत्यक्ष विक्रीचा हंगाम ठरतो. परवानग्या व मोजणीची कामे मात्र त्याआधीच, पावसाळ्यापूर्वी अर्ज देऊन, मार्गी लावावीत.

4. घराची तयारी

छपरावर कवेलू असल्यास ते फेरून फुटके बदलावेत. लाकडी वासे, दाराच्या चौकटी व पाट्या यांना वाळवी लागली आहे काय, हे ठोकून पाहावे. सागवान वापरलेले असल्यास त्याच्या खरेदीची पावती सांभाळावी. जंगलाच्या मुलखात लाकूड कोठून आले हा प्रश्न हमखास विचारला जातो. जोत्याची उंची, विहिरीचे उन्हाळ्यातील पाणी आणि वीजमीटर कोणाच्या नावे आहे, या तीन गोष्टी ग्राहक प्रथम पाहतो. रंगरंगोटीवरचा मोठा खर्च सहसा भरून निघत नाही; छपराचा खर्च निघतो.

भिंतीवरील पुराची खूण चुन्याने झाकून टाकणे ही तयारी नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मधील कलम 55 नुसार ग्राहकास साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगणे बंधनकारक आहे. फेब्रुवारीत कोरडे दिसणारे घर ऑगस्टमध्ये कसे असते, हे केवळ विक्रेत्यालाच ठाऊक असते. पाणी कोणत्या वर्षी कोठवर आले आणि रस्ता किती दिवस बंद राहिला, हे लिहून दिल्याने किंमत थोडी उतरते. पण ती नंतर वादात सापडत नाही.

5. किंमतनिश्चिती

शासनाचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतात. ठरलेली किंमत व तक्त्यातील मूल्य यांपैकी अधिक रकमेवर शुल्क पडते. ग्राहक तीच किंमत देईल असे नाही. नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक 2 वरून शेजारच्या व्यवहारांचे आकडे मिळतात. परंतु तुरळक व्यवहारांच्या परिसरात एक-दोन आकड्यांवर विसंबणे धोक्याचे असते. म्हणून आणखी दोन पद्धतींचा ताळा घ्यावा. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल कल्पिले आहेत.

(अ) खर्चपद्धती : 600 चौ. फूट बांधकाम आज नव्याने करण्यास रु. 1,000 प्रति चौ. फूट दराने रु. 6,00,000 लागतात. वयोमानानुसार 40 टक्के घट धरल्यास रु. 3,60,000 उरतात. जागेचे रु. 80,000 मिळवून मूल्य रु. 4,40,000 होते.

(आ) भाडेपद्धती : मासिक भाडे रु. 3,000, परंतु वर्षातून 10 महिनेच भाडेकरू, म्हणजे रु. 30,000. दुरुस्ती व कर रु. 6,000 वजा जाता रु. 24,000. त्यावर 6 टक्के परतावा अपेक्षिल्यास मूल्य रु. 4,00,000 येते.

दोहोंतील रु. 40,000 ची तफावत बरेच काही सांगते. रिकाम्या दोन महिन्यांचा भार भाडेपद्धतीत दिसतो, खर्चपद्धतीत दिसत नाही. ऋतुबद्ध बाजारात म्हणूनच दुसऱ्या आकड्याला अधिक वजन द्यावे.

आता प्रतीक्षेचा हिशेब पाहू. मे अखेरीस रु. 3,80,000 ची मागणी आली आणि पावसाळ्यानंतर रु. 4,00,000 मिळतील अशी आशा आहे. पाच महिन्यांचे 9 टक्के दराने व्याज रु. 15,000 आणि पावसाळ्यातील देखभाल रु. 10,000 धरल्यास नंतरचे रु. 4,00,000 म्हणजे आजचे सुमारे रु. 3,75,000 होत. म्हणजे कमी वाटणारी मागणीच अधिक फायद्याची. उलट रु. 3,60,000 च्या मागणीस नकार देणे योग्य ठरेल. थांबावे की विकावे याचा निर्णय अशा आकड्यांनी करावा.

समारोप

हेमलकसा परिसरातील घरविक्री ही जमिनीचा कायदा, नद्यांचा पूर आणि जंगलाचे उत्पन्न या तिन्हींशी बांधलेली आहे. कलम 36अ सारख्या तरतुदींकडे बाजारातील अडथळा म्हणून पाहिले जाते. तथापि ज्या समाजाकडे जमिनीखेरीज दुसरी ठेव नाही, त्याची ठेव घाईच्या एका सहीने जाऊ नये, हा त्यांचा हेतू आहे. अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना सातबारा वाचण्यास, सूची क्रमांक 2 काढण्यास आणि प्रतीक्षेचा हिशेब मांडण्यास शिकविले, तर त्यांच्या कुटुंबांना पडत्या भावात घर विकण्याची वेळ क्वचितच येईल.