वर्ष आधी, दिवस शेवटी

फाइली सामायिक ठेवणाऱ्या काही सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ‘डेट फॉरमॅट’ नावाचा एक पर्याय असतो. त्याकडे कोणी फारसं बघत नाही. सॉफ्टवेअर जसं आलं तसं चालवलं जातं, आणि नांदेडच्या टेबलावर ‘०७-०८-२०२४’ म्हणून ठेवलेली फाइल दुसऱ्या संगणकावर ८ जुलैची होऊन बसते. अतिवृष्टीच्या पंचनाम्यात हा फरक किरकोळ नाही. ८ जुलै आणि ७ ऑगस्ट या दोन्ही तारखा भर पावसाळ्यातल्या. कागदाकडे बघून कोणालाच शंका येत नाही. ही चूक किती तारखांना होऊ शकते, याचा हिशेब सोपा आहे. महिन्याच्या १ ते १२ या तारखा उलट वाचता येतात. बारा महिन्यांत अशा १४४ तारखा. त्यांतल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा उलट्या केल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. म्हणजे वर्षातल्या तीनपैकी एकीहून जास्त तारखा दोन अर्थांनी वाचता येतात, आणि कोणता अर्थ खरा हे तारखेकडे पाहून ठरत नाही.

यात संगणकाचा स्वभाव भर घालतो. विंडोजमध्ये प्रदेश ‘अमेरिका’ असा राहिला असेल, तर एक्सेल ‘१३/०८/२०२४’ ही तारीख मानतच नाही, कारण तेरावा महिना नसतो. ते नुसतं अक्षर म्हणून चौकटीत डावीकडे पडून राहतं. पण ‘०७/०८/२०२४’ टाकलं की एक्सेल निमूटपणे ८ जुलै नोंदवतं. त्यामुळे एकाच रकान्यात अर्ध्या नोंदी तारखा नसतात आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच चुकीच्या तारखा असतात. पहिला प्रकार निदान डोळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही, आणि खरा धोका त्याचाच आहे. लाल रेघ येत नाही, इशारा येत नाही, बेरीजही बरोबर लागते.

यावर उपाय जुनाच आहे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, तेही चार-दोन-दोन आकड्यांत. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली आलं आणि भारतीय मानक ब्युरोने ते आयएस ७९०० या क्रमांकाखाली स्वीकारलं. मानक आहे म्हणून ते पाळावं, हा युक्तिवाद मात्र फार लंगडा आहे. खरं कारण यंत्राच्या वाचनात आहे. फाइलींची नावं लावताना संगणक डावीकडून एकेक अक्षर ताडून बघतो. दिवस आधी असला की बारा महिन्यांच्या १ तारखा एकत्र येतात, मग सगळ्या २ तारखा; देगलूरचा जूनमधला पंचनामा सप्टेंबरच्या शेजारी जाऊन बसतो. महिन्याचं नाव अक्षरी लिहिलं तर आणखी गंमत: एप्रिल, मग ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर, असा क्रम लागतो. वर्ष आधी असेल तर अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. वेगळं काही शिकवावं लागत नाही. (फाइलच्या नावात आकडे मात्र इंग्रजी ठेवावेत. देवनागरी आकड्यांचे युनिकोड क्रमांक निराळे असल्याने साध्या क्रमवारीत दोन्ही मिसळले की देवनागरी सगळे शेवटी जातात.)

तारीख एवढी काटेकोर कशाला, असं वाटणाऱ्याने किल्लारीच्या भूकंपाची नोंद बघावी. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांना हादरवणारा तो भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालं होतं. अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेच्या यादीत मात्र हाच भूकंप २९ सप्टेंबरचा आहे, आणि त्यात चूक काहीच नाही. ती यादी जागतिक प्रमाणवेळेने चालते. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, तेव्हा तिथे रात्रीचे साडेदहासुद्धा वाजले नव्हते. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, म्हणून त्या हिशेबाने अजून अनंत चतुर्दशीचाच दिवस चालू होता. आणि १९५७ पासून सरकारी कामात असलेल्या राष्ट्रीय शक दिनदर्शिकेनुसार ती तारीख होती ८ आश्विन १९१५. क्षण एक, तारखा चार. आयएसओ ८६०१ मानकात वेळेपुढे ‘+०५:३०’ असं लिहायची सोय आहे, ती एवढ्यासाठीच. त्या सहा खुणा लिहिल्या की २९ आणि ३० मधलं भांडण संपतं.

आक्षेप आहेत, आणि त्यांतला पहिला रास्त आहे. आपण बोलताना दिवस आधी सांगतो, अर्जावर दिवस आधी लिहितो, शाळेच्या दाखल्यावरही तसंच. ते बदलायची गरजच नाही. पत्रात ‘७ ऑगस्ट २०२४’ लिहावं. त्यात संभ्रमाला जागा नाही. प्रश्न साठवणुकीचा आहे. आणि वर्ष आधी असलेली तारीख लोकांना परकी वाटेल म्हणावं, तर ती खिशातच आहे: अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेल्या फोटोचं नाव ‘आयएमजी-२०२४०८०७’ असंच सुरू होतं. सिंकथिंग या फाइली जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोघांनी एकच फाइल बदलली, तर वेगळ्या ठेवलेल्या प्रतीच्या नावातही तारीख याच क्रमाने येते.

दुसरा आक्षेप असा, की ‘डेट मॉडिफाइड’च्या रकान्यावर टिचकी मारली की फाइली तारखेनेच लागतात, मग नावात तारीख हवी कशाला? कारण ती तारीख घटनेची नसते, फाइलीची असते. मार्चमधला कागद कोणी जूनमध्ये ब्राउझरमधून उतरवला की त्याला जून चिकटतो. उघडून एक काना सुधारून जतन केला तरी तेच.

तिसरी अडचण खास आपली आहे, आणि मानक आणणाऱ्यांनी ती क्वचितच लक्षात घेतलेली असते. आर्थिक वर्ष आपण ‘२०११-१२’ असं लिहितो. मानकानुसार त्याचा अर्थ डिसेंबर २०११ होतो. २०००-०१ पासून २०११-१२ पर्यंतची बारा वर्षं या फासात सापडतात. २०२४-२५ सुटतं, ते केवळ पंचविसावा महिना नाही म्हणून. ताळेबंदाच्या फोल्डरला ‘२०११-२०१२’ असं पूर्ण नाव देणं हा सरळ मार्ग आहे.

मराठवाड्यात याच्या मागे फसली सनही उभा आहे. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात निजामकालीन कागद पुन्हा टेबलांवर आले. त्यांवरचा फसली सन इसवी सनापेक्षा साधारण ५९० वर्षांनी मागे, आणि तो जानेवारीला सुरू होत नाही. १३५७ फसली म्हणजे ढोबळमानाने १९४७-४८. अशा कागदाच्या स्कॅनला नेमका दिवस चिकटवणं हा खोटा काटेकोरपणा ठरेल. मानकात नुसतं वर्ष लिहून थांबायला मुभा आहे, ती इथे वापरावी. नावात आधी इसवी वर्ष द्यावं आणि मूळ फसली आकडा तसाच पुढे ठेवावा. मूळ आकडा पुसून केलेलं रूपांतर पुढे कोणालाच तपासता येत नाही.

फोल्डरमध्ये हजार फाइली जमल्यावर नावं बदलत बसणं जिवावर येतं, म्हणून ‘डेट फॉरमॅट’चा पर्याय पहिल्याच दिवशी निवडायचा असतो. आणि आजच आपला संगणक तपासायचा असेल, तर एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत १३/०२/२०२४ टाइप करून एंटर दाबा. नोंद उजवीकडे सरकली तर ठीक. डावीकडेच राहिली, तर तुमचा संगणक अमेरिकेत आहे. आधी त्याचा प्रदेश बदला, मग त्यावर आधी नोंदवलेल्या जुन्या तारखा मूळ कागदाशी ताडून बघा.