रंगीत पट्टी आणि आचोळ्यातली दुखणी

पहाटे पावणेसहा

पहिला फोन या वेळी येतो. पाऊस संपला की नालासोपाऱ्याच्या आचोळे रोडवर पहाटे पळणारे वाढतात. डिसेंबरात वसई-विरार मॅरेथॉन असते. 2011 पासूनची ही शर्यत पळणाऱ्यांसाठी सण आहे, आणि घरोघरी जाऊन उपचार करणाऱ्या माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टसाठी हंगाम.

"मॅडम, बूट घातलेत. गुडघ्याला पट्टी कशी लावू?"

"आत्ता लावूच नका. आज नुसतं चाला, मी येतेच."

किनेसिओ टेप, म्हणजे ही ताणणारी रंगीत पट्टी, लावल्यावर डिंक धरायला निदान अर्धा तास द्यावा लागतो, तासभर दिला तर उत्तम. आपल्याकडच्या दमट हवेत लावून लगेच पळत सुटलं, तर घामाने कडा उचलल्या जातात आणि आचोळ्याच्या तळ्यापर्यंत जाईस्तोवर पट्टी पायजम्याला चिकटलेली असते.

साडेसात

पहाटे फोन केलेले दादा पलंगावर बसलेत, शेजारी ऑनलाइन मागवलेला निळा रोल. दुखतंय गुडघ्याच्या वाटीभोवती, जिने उतरताना जास्त. आठवड्याचं अंतर एकदम वाढवणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं. मी पट्टी लावून देत नाही, त्यांच्याच हातून लावून घेते. उद्या मी नसेन.

आधी पाय साबणाने धुऊन कोरडा. तेल, क्रीम काही नको. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करायचे. आदल्या दिवशी दाढी केल्यासारखा पाय गुळगुळीत केला तर त्यावर पट्टी आग करते. वीतभराहून थोडे मोठे, 25 सेंटिमीटरचे दोन तुकडे कापायचे, टोकं गोल करायची. चौकोनी कोपरे कपड्यात अडकून सुटतात.

गुडघा काटकोनात वाकवायचा. वाटीखाली नडगीचा जो उंचवटा लागतो, त्यावर दोन बोटं रुंदीचं टोक अजिबात न ताणता चिकटवायचं. मग एक तुकडा वाटीच्या आतल्या कडेने, दुसरा बाहेरच्या कडेने वर मांडीकडे न्यायचा. शेवटची दोन बोटं पुन्हा बिनताणाची. मधल्या भागात ताण हवा, पण किती? ही पट्टी पूर्ण ओढली तर साधारण दीडपट होते. त्या वाढीतला चौथा हिस्सा पुरे. दादांनी पहिल्यांदा दात-ओठ खाऊन ओढली. सगळे ओढतात. जास्त ओढली की जास्त आधार, असं वाटतं. प्रत्यक्षात जास्त फोड येतात, तेही बहुतेक टोकापाशी.

शेवटी तळहाताने चोळायचं. डिंक उष्णतेने धरतो, म्हणून चोळणं पुरतं. हेअर ड्रायर मारू नये.

"निळी बरी की काळी?" त्यांच्या मुलीने विचारलं. जी बाबांच्या बुटांना शोभेल ती. रंगाने गुणात काही फरक पडत नाही.

दहा

या काकू वसई पूर्वेच्या एका गाळ्यात पॅकिंगला जातात. दिवसभर उभं काम, आज सुट्टी. कंबर वर्षभर दुखतेय, तपासण्या झाल्यात, धोक्याचं काही नाही. कंबरेला स्वतःची स्वतः पट्टी लावता येत नाही, म्हणून सुनेला उभं केलं. काकूंनी टेबलावर हात टेकून पुढे वाकायचं, सुनेने मणक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक उभी पट्टी जवळपास न ताणता ठेवायची. काकू सरळ झाल्या की पट्टीवर बारीक सुरकुत्या पडतात.

या सुरकुत्यांवरच सगळा डोलारा उभा आहे. केन्झो कासे या जपानी कायरोप्रॅक्टरने 1970च्या दशकात ही पट्टी काढली. सांधा जखडणाऱ्या कडक पट्ट्यांऐवजी त्याला कातडीसारखी ताणणारी, हालचाल मोकळी ठेवणारी पट्टी हवी होती. सुरकुत्यांमुळे कातडी किंचित उचलली जाते, खालचा रक्तप्रवाह सुधारतो, असा त्यामागचा दावा. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्शच्या खांद्यावर काळी पट्टी दिसली आणि जगभर मागणी वाढली.

दावा मात्र तपासात टिकला नाही. ब्राझीलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या 148 रुग्णांवर एक चाचणी झाली, 2014 साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना ताण देऊन, सुरकुत्या पडतील अशी पट्टी लावली, उरलेल्यांना बिनताणाची. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

मग मी का लावते? काकूंचं ऐका: "पट्टी असली की कुणी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटतं. वाकताना आठवण राहते." मला एवढं पुरतं. त्या आठवणीच्या बळावर त्या दोन दिवस कमी भीतीने हालचाल करतात, आणि त्या दोन दिवसांत मी त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. व्यायाम नाही केला तर पुढच्या वेळी पट्टी नाही, असा आमचा करार आहे. सून साक्षीदार.

साडेबारा

आजोबांना मधुमेह आहे, तळपाय बधिर आहेत. मुलाने प्रेमाने रोल आणून ठेवलाय. मी तो परत पिशवीत घातला. जिथे संवेदनाच नाही तिथे पट्टीखाली फोड आला तर कळणार कसं? हातांची कातडीही कागदासारखी झालीय, काढताना सोलून निघेल. मुलगा हिरमुसला. त्याला बापासाठी चपलांऐवजी मऊ, बंद बूट आणायला सांगितलं आणि रोज रात्री तळवे बघायला सांगितलं.

दुपारी

जेवण, थोडी आडवी. मग तुकडे कापून ठेवले. पाच मीटरच्या रोलात 25 सेंटिमीटरचे वीस तुकडे निघतात, म्हणजे एका गुडघ्याची दहा वेळची बेगमी. एकदा लावलेली पट्टी तीन ते पाच दिवस राहते, अंघोळही चालते. वरून टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही.

साडेपाच

कबड्डी खेळणारा मुलगा, घोटा मुरगळलेला, सुजून गोल. उद्या सामना आहे. "ताई, घट्ट बांधून द्या ना, टीव्हीवरचे खेळतात तसे."

चार पावलं चालून दाखव म्हटलं. तिसऱ्यालाच भिंत धरली. हाडाच्या टोकावर दाबलं तर कळवळला. ही एक्स-रेची लक्षणं आहेत, पट्टीची नव्हेत. ताणणारी पट्टी सुटलेला सांधा धरून ठेवू शकत नाही. तिने फक्त धीर येतो, आणि अशा वेळी आलेला धीर घातकच. आईला त्याच्याबरोबर दवाखान्यात पाठवलं. तो माझ्याशी बोलत नाहीये.

रात्री साडेआठ

विरार लोकलमधून नालासोपाऱ्याला उतरून, पूल चढून-उतरून एक ताई थेट माझ्याकडे येतात. रोज दांडी धरून दुखावलेला खांदा. चार दिवसांची पट्टी खाजायला लागलीय. त्या ती झटक्यात ओढणार, तेवढ्यात हात धरला. खोबरेल तेल पट्टीवर जिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं. मग केसांच्या दिशेने पट्टी गुंडाळत आणायची आणि दुसऱ्या हाताने कातडी मागे दाबत जायची. खाली हलका लालसरपणा होता, फोड नव्हते. दोन दिवस कातडीला विश्रांती. ज्यांना साध्या चिकटपट्टीनेही पुरळ येतं, त्यांनी आधी नखाएवढा तुकडा दंडावर दिवसभर ठेवून बघावा.

निघताना म्हणाल्या, "शेजारणीची पोटरी दुखतेय, उरलेली तिला लावू का?" कशी दुखतेय, विचारलं. एकच पाय, सुजलेला, गरम. शेजारणीला तिथूनच फोन करून लगेच डॉक्टरांकडे जायला सांगायला लावलं.

वाचकांनाही तेच सांगते: एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर तिला पट्टी लावू नका, चोळू तर मुळीच नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच रात्री डॉक्टर गाठा.